बोर्डाची चावी कुणाकडे

४ फेब्रुवारी

भावजी,

फोनवर तुम्ही "बघतो वहिनी" म्हणता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहून पाठवते आहे. लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं.

ह्यांचं वाचनयंत्र बंद पडलं. खरं तर पडलं नाही, पाडलं. यंत्र धडधाकट आहे. कॅमेरा शाबूत, स्पीकर शाबूत. मी उभी हयात रेडिओ केंद्रात आवाजाच्या यंत्रांबरोबर काढली, मेलेलं यंत्र आणि गळा दाबलेलं यंत्र यांतला फरक मला कळतो. ज्या कंपनीने ते विकलं तिला दुसऱ्या कंपनीने गिळलं आणि नव्या मालकांनी मागचा सर्व्हरच काढून टाकला. आता बटण दाबलं की त्याच गोड आवाजात एकच वाक्य येतं: "या उत्पादनाची सेवा समाप्त झाली आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार." पुस्तक धरा, वर्तमानपत्र धरा, औषधाची बाटली धरा, आभारच.

सेवा केंद्रात जाऊन विचारलं, "आमच्या घरातली वस्तू तुम्ही कुणाला विचारून बंद केलीत?" तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "मॅडम, अटींमध्ये आहे."

तुमचे दादा जन्मभर मुद्रितशोधक. छापखान्यातलं एकही पान ह्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय सुटत नसे. नजर गेली तेव्हा ह्या यंत्राने त्यांना सावरलं. आता मी वाचून दाखवते म्हटलं तर "नको, राहू दे" म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात.

तुमच्या त्या ओपन सोर्स सिस्टीमबद्दल तुम्ही मागे जेवताना भरभरून बोलत होतात. सगळ्यांनी मिळून लिहिलेली, कुणीही उघडून बघावी, कुणीही दुरुस्त करावी, कुणा एकाला बंद करता येऊ नये अशी. तेव्हा माझं अर्धं लक्ष वाढण्यात होतं. आता पुरतं देते. तिच्यावर चालणारं यंत्र मला घरीच बांधायचं आहे. कुठला बोर्ड घेऊ, एवढं सांगा. इथली अंधांची वाचनखोली चालवणाऱ्या बाईही तुमच्या उत्तराची वाट बघताहेत. त्यांच्याकडे हीच यंत्रं होती आणि आता ती रांगेने आभार मानत बसली आहेत.

तुमची वहिनी


७ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचा राग पोचला. वाचून माझ्याही डोक्यात तिडीक गेली. उत्तर लिहूनच देतो.

आता अख्खा कॉम्प्युटर तळहाताएवढ्या एका बोर्डावर मावतो. त्याचा प्रोसेसर मोबाईलमध्ये असतो तसा, एआरएम जातीचा. वीज कमी खातो, तापत नाही, म्हणून पंखा लागत नाही, म्हणून घरघर नाही. दादाच्या टेबलावर असंच काहीतरी हवं.

बोर्ड घेताना लोक वेग बघतात आणि तिथेच फसतात. बघायचं ते हे, की बोर्डावरच्या किती गोष्टी आमच्या सिस्टीमच्या ओळखीच्या आहेत. प्रत्येक चिपला चालवणारा एक प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. बनवणाऱ्याने चिपची माहिती उघड केली तर आम्ही तो लिहू शकतो. नाही केली तर अंधारात चाचपडत बसतो.

आमच्यात सध्या तीन बोर्ड चर्चेत आहेत. एकाला आम्ही पैलवान म्हणतो. अंगात ताकद भरपूर, पण बनवणाऱ्यांनी एका चिपची माहिती दिलेली नाही. त्यांनीच दिलेली जुनाट सिस्टीम जन्मभर वापरायची. तो सोडाच. दुसरा म्हातारा. त्याचं सगळं उघडं, सगळं ओळखीचं, पण इतका संथ की एक पान वाचायला घेतलं तर तेवढ्यात चहा होईल. तिसरा नवा. चांगला चपळ आहे आणि बनवणारे आमच्या बैठकांना येऊन बसतात, तपासायला बोर्ड पाठवतात. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर तेवढा बाकी आहे, पण त्यांच्या मुख्य अभियंत्याने मला शब्द दिला आहे. माणूस सरळ आहे.

तेव्हा नवा घ्या. घ्या तरी कशाला, माझ्याकडे तपासणीचा एक पडून आहे, तोच पाठवतो. सिस्टीम मेमरी कार्डावर भरून देतो. कार्ड खाचेत सरकवायचं आणि वायर लावायची, की झालं.

दादाला सांगा, थोडा धीर धर.

तुमचा भावजी


२६ फेब्रुवारी

भावजी,

बोर्ड मिळाला. तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. सिस्टीम सुरू झाली, आवाज आला. ह्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि पुस्तक समोर धरलं. काही नाही. कॅमेरा बोर्डाला दिसतच नाही. आंधळ्या माणसासाठी तुम्ही आंधळं यंत्र पाठवलंत.

हे पुस्तक धरून बसले होते. मी वायरी काढून परत लावत होते आणि "आता बघा, आता बघा" म्हणत होते. शेवटी ह्यांनीच पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "तुझा हात दुखेल, राहू दे." मला इतका संताप आला की सांगता येत नाही.

मग बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर गेले. त्यांची स्वतःची सिस्टीम तिथे फुकट मिळते. ती घातली तर कॅमेरा झकास चालतो. म्हणजे ड्रायव्हर आहे. तयार आहे. तुम्हाला दिलेला नाही, एवढंच. पण पान वाचून घ्यायचं तर आधी खातं उघडा आणि अटी मान्य करा. मी सगळ्या अटी वाचल्या, मुद्रितशोधकाची बायको आहे. जिथे जिथे "आम्ही" लिहिलं आहे तिथे हक्क आहेत आणि जिथे जिथे "आपण" लिहिलं आहे तिथे संमती आहे. कॅमेऱ्यासमोर धरलेल्या प्रत्येक पानाचं चित्र त्यांच्याकडे जाणार. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "माझे डॉक्टरांचे कागद, बँकेचे कागद, आपल्या बाळ्याची पत्रं (म्हणजे तुमची), सगळं त्यांनी का बघावं? एका चोराच्या घरातून उठून दुसऱ्याच्या घरात जाऊन बसायचं का?"

कार्ड काढून टाकलं.

एक विचारते, राग मानू नका. मानलात तरी विचारते. हा बोर्ड आम्हाला सुचवण्याआधी तुम्ही त्यावर कॅमेरा लावून एक पान तरी वाचून बघितलं होतं का? की त्या सरळ माणसाचा शब्द तेवढा तपासलात?

तुमची वहिनी


२८ फेब्रुवारी

वहिनी,

यूएसबीचा साधा कॅमेरा आणा, कुठल्याही दुकानात मिळतो. त्याला त्यांचा ड्रायव्हर लागत नाही. बोर्डाच्या बाजूच्या खाचेत लावा, पान वाचेल. हे मी आधीच सांगायला हवं होतं, मान्य.

पण तुमच्या पत्राचा सूर मला लागला. मी दिवसभर दुसऱ्यांची नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात हे काम. कुणी आभार मानत नाही, मागतही नाही मी. पण ज्याचं यंत्र अडलं तो उठतो आणि "तपासलं होतं का" म्हणून जाब विचारतो. आता घरचीही माणसं तेच विचारायला लागली. एकाच माणसाने किती बोर्डांवर किती कॅमेरे लावून किती पानं वाचावीत?

बनवणाऱ्यांना उशीर होतोय, फसवणूक नाही. तुम्ही त्यांना ओळखत नाही, मी ओळखतो. आमची सिस्टीम लवकरच एक बोर्ड अधिकृतपणे सुचवणार आहे. एआरएमचं काम माझ्याकडे असल्यामुळे शिफारशीखाली नाव माझं असेल, आणि मी नव्याचंच नाव देणार आहे. विचार करून देणार आहे. तुम्हाला दुसरीकडून कळायला नको म्हणून सांगतो, त्यांनी मला नोकरीही देऊ केली आहे. हेच काम, पण दिवसाउजेडी आणि पगारावर. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

दादाला नमस्कार.


२० मार्च

बाळ्या,

हे मी स्वतः टाइप करतो आहे. एकेक ओळ झाली की यंत्र मला वाचून दाखवतं. तेव्हा चुका राहिल्या तर त्या माझ्या.

तुझं मागचं पत्र तुझ्या वहिनीने वाचून खाली ठेवलं. पायांत चपला घातल्या, दुकानात गेली आणि कॅमेरा घेऊन आली. उत्तर लिहायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसतं. म्हणून मी लिहितो. तिच्यावर चिडू नकोस. रेडिओत तिने कधी न तपासलेला माईक कुणापुढे ठेवला नाही. तिला वाटतं, सगळं जग तसंच वागतं.

यंत्र वाचतं. चांगलं वाचतं. फक्त त्याला 'च' कळत नाही. चमच्यातला 'च' आणि चंद्रातला 'च' त्याला एकच. जगातला 'ज' आणि जनतेतला 'ज' एकच. पहिला आठवडा मी दात ओठ खात ऐकलं. मग वहिनीने शोधून काढलं, की उच्चारांची फाइल उघडी आहे, आपण तीत दुरुस्ती करू शकतो. जुन्या यंत्रात अशी सोय नव्हती. ते चुकीचं बोलायचं आणि आपण ऐकून घ्यायचं. आता रोज सकाळी मी यंत्राची प्रुफं तपासतो. चमचा दुरुस्त झाला. चाळणी, जाळी, झाडू चालू आहेत. या दुरुस्त्या कुणाकडे पाठवायच्या ते कळव, म्हणजे इतरांचेही कान वाचतील.

तुझी शिफारस जाहीर झाली, तीही यंत्राने वाचून दाखवली. तुझं नाव ऐकून बरं वाटलं. वाचनखोलीच्या बाईंनी त्या भरवशावर सगळ्यांसाठी नवे बोर्ड मागवले. वहिनीने एकटीने बसून जोडून दिले.

दादा


१७ एप्रिल

भावजी,

बंद. सगळे बंद. आमचा बोर्ड, वाचनखोलीतले बोर्ड, एकूण एक.

परवा एक अपडेट आलं. "सुरक्षेसाठी आवश्यक" असं लिहिलेलं होतं आणि तुमच्या सिस्टीमच्याच वाटेने आलं, म्हणून मी निर्धास्तपणे हो म्हटलं. बाईंनीही हो म्हटलं. बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर एक ओळ आली: "अनधिकृत सिस्टीम." पुढे काहीच नाही. आवाजसुद्धा नाही, कारण आवाज काढणारी सिस्टीमच आत शिरू शकत नाही. जुन्या कंपनीने निदान आभार तरी मानले होते. ह्यांना कळेना काय झालं. विचारत राहिले, "वीज गेली का? वायर निघाली का?" काय सांगू?

काल वाचनखोलीत गेले. लोक आपापल्या टेबलाशी बसून होते, हातात पुस्तकं तशीच. एक निवृत्त गाण्याच्या बाई आहेत. मुलगा सासुरवाडीजवळ राहायला गेल्यापासून त्या एकट्याच असतात आणि दिवसभर तिथेच वाचत बसतात. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का हो?" भावजी, ज्यांनी हे केलं त्यांना यातलं काहीही ऐकू जाणार नाही. ते मला ऐकावं लागलं. मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही." मग कुणाचं चुकलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? माझ्या दिराने सुचवलं आणि मी जोडलं?

मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. बोर्ड सुरू होताना सगळ्यात आधी जी चिप जागी होते, ती आता फक्त बनवणाऱ्यांच्या शिक्क्याचीच सिस्टीम आत घेते. म्हणजे दाराला कुलूप आहे, घर आमचं आहे आणि चावी त्यांच्याकडे. हे कुलूप पहिल्यापासून होतं का? तुम्हाला माहीत होतं का?

शिफारशीचं पान आत्ता पुन्हा उघडून बघितलं. खाली तुमचं नाव अजून आहे.

वहिनी


१९ एप्रिल

वहिनी,

नाव काढलं. शिफारसही काढली. आणि तिच्या जागी का काढली ते लिहिलं, तुमच्या पत्रातलं गाण्याच्या बाईंचं वाक्य न बदलता घातलं. तुम्हाला विचारलं नाही, माफ करा. दुसरं काही सुचत नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. हो, कुलूप पहिल्यापासून होतं आणि मला माहीत होतं. चावी त्यांच्याकडे आहे हेही माहीत होतं. ते ती कधी फिरवतील असं वाटलं नव्हतं, कारण बैठकीत ते माझ्या शेजारी बसायचे.

तुमचं पत्र वाचल्यावाचल्या मुख्य अभियंत्याला फोन लावला. म्हटलं, "हे चुकून झालं ना?"

तो म्हणाला, "चुकून नाही. वरचा निर्णय आहे. बाहेरच्या सिस्टीमवर आमचा बोर्ड बिघडला तर नाव आमचं खराब होतं."

"मग अपडेट आमच्या वाटेने का पाठवलंत?"

"सगळ्यात लवकर तिथूनच पोचतं."

असं म्हणाला, वहिनी. सरळ आवाजात. मग म्हणाला, "तू लगेच काही जाहीर करू नकोस. आत आलास की आतून बदलता येईल. तुझं नेमणुकीचं पत्र तयार आहे." मी विचारलं, "बंद पडलेले बोर्ड परत उघडाल का?" तर म्हणाला, ते चिपमध्ये कायमचं कोरलं गेलं आहे, आता त्यांनाही पुसता येत नाही. आंधळ्या माणसांची वाचनखोली बंद पडली आहे म्हणून सांगितलं. म्हणाला, त्यांना आमची सिस्टीम घालायला सांग, फुकट आहे.

मी फोन ठेवून दिला. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. पाणी प्यायला उठलो तर पेला सिंकमध्ये पडला.

नंतर आमची बैठक झाली. दोघं-तिघं म्हणाले, जरा सौम्य लिहू, त्यांची मदत आपल्याला लागते. मी म्हटलं, "त्यांनी आपल्या लोकांच्या घरात शिरायला आपलीच वाट वापरली. यात सौम्य काय लिहायचं ते तुम्ही सांगा, मी लिहितो." ठराव झाला. ज्या बोर्डाची चावी घेणाऱ्याच्या हातात नाही, तो कितीही चपळ असला तरी आपण सुचवायचा नाही. आणि बनवणाऱ्याकडून आलेलं अपडेट आपल्यापैकी कुणीतरी खऱ्या बोर्डावर लावून बघितल्याशिवाय पुढे जाणार नाही. तो कुणीतरी सध्या मीच आहे.

नोकरीचं म्हणाल तर ती गेली. आली नव्हतीच, त्यामुळे घरात काही बदललेलं नाही.

वाचनखोलीसाठी म्हातारे बोर्ड पाठवतो आहे. आमच्यातल्या ज्यांच्या ज्यांच्या कपाटात पडून होते त्यांच्याकडून गोळा केले. या वेळी प्रत्येकावर कॅमेरा लावून एक पान वाचून बघितलं आहे. फार संथ आहेत. दादाला कंटाळा येईल. पण कुलूप नाही.

तुमचा भावजी


११ जून

भावजी,

म्हातारे चालले. कार्ड घातलं, कॅमेरा दिसला, आवाज आला. गाण्याच्या बाईंनी पहिलं पान ऐकलं आणि म्हणाल्या, "विलंबित आहे, पण सुरात आहे."

गेल्या आठवड्यात त्या बनवणाऱ्यांचा माणूस वाचनखोलीत येऊन गेला. तुमचं लिखाण बऱ्याच ठिकाणी पोचलं म्हणे. सोबत फोटो काढणाराही होता. खोकी उघडून टेबलावर मांडली आणि म्हणाला, "थोडा गैरसमज झाला. सगळ्यांना नवीन बोर्ड भेट. सिस्टीम मात्र आमची वापरायची."

हेही तिथेच बसले होते, त्यांनी विचारलं, "चावी कुणाकडे?"

"ती आमच्याकडे, काका. तुमच्याच सुरक्षेसाठी."

"मग बोर्डही तुमच्याकडेच राहू द्या."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारबुवा गंमत करताहेत. मग वाचनखोलीच्या बाईंनी खोकी एकावर एक रचली, त्याच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं. फोटो निघाला नाही. मला वाटलं होतं, हे बघून माझा राग उतरेल. उतरलेला नाही. बंद पडलेले बोर्ड मी फेकले नाहीत, पिशवीत घालून कपाटावर ठेवले आहेत. येता-जाता ती पिशवी दिसली की पुन्हा डोकं फिरतं. फिरू दे.

तुम्ही ह्यांच्यासाठी जलद बोर्ड शोधताय असं परवा फोनवर म्हणालात. घेऊ नका. कारण सांगते.

पान समोर धरलं की म्हातारा बोर्ड बराच वेळ विचार करत बसतो. त्या वेळात करायचं काय, म्हणून हे बोलायला लागले. आधी छापखान्याबद्दल, मग नजर कशी कशी कमी होत गेली आणि ते माझ्यापासून किती काळ लपवलं त्याबद्दल. भावजी, मी तुम्हाला लिहिलं नव्हतं, पण यंत्र बंद पडलं त्याच्याही आधीपासून आमच्यात बोलणं उरलं नव्हतं. ते ऐकत बसायचे आणि मी दुसऱ्या खोलीत काम काढायची. आता मी शेजारी खुर्ची टाकून बसते. पान सुरू झालं की गप्प, संपलं की पुन्हा.

काल मी विचारून टाकलं, "मी वाचून दाखवते म्हटलं तर नको का म्हणायचात?"

म्हणाले, "तुझ्या आवाजात तू दमलेली ऐकू यायचीस. मजकूर ऐकूच यायचा नाही."

एवढ्यात म्हाताऱ्याने पान वाचायला सुरुवात केली. ह्यांनी हात पुढे करून ते थांबवलं.

वाचनखोलीसाठी जलद बोर्ड जरूर शोधा. आमच्यासाठी नको.

तुमची वहिनी